पतपत्राची कुळकथा

व्यापार विश्वासावर चालतो, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु व्यापाराचा इतिहास जरा निरखून पाहिला, तर त्यातील पुष्कळशी साधने अविश्वासाच्या पोटी जन्मली आहेत, असे दिसून येते. पेठेतल्या ओळखीच्या दुकानदाराकडून माल घ्यावयाला कोणतेच शास्त्र लागत नाही. त्याचे घर आपल्याला ठाऊक असते आणि आपले घर त्याला. शास्त्र लागते ते समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसाशी व्यवहार करताना. विकणारा म्हणतो, आधी पैसे पाठवा. घेणारा म्हणतो, आधी माल पाठवा. दोघेही सचोटीचे असले, तरी दोघांपैकी एकाला काही आठवडे दुसऱ्याच्या मुठीत राहावे लागते. हा पेच सोडविण्यासाठी बँकेला मध्ये घालून जी युक्ती योजण्यात आली, तिचे नाव 'लेटर ऑफ क्रेडिट', म्हणजेच पतपत्र.

आज हे पतपत्र मिळविण्यासाठी बँकेत हेलपाटे घालावे लागत नाहीत. समजा, बेळगावच्या एखाद्या फाउंड्रीच्या चालकाला परदेशातून एक यंत्र आणावयाचे आहे. तो आपल्या कचेरीत संगणकापुढे बसतो, बँकेच्या ऑनलाइन सेवेत शिरतो, पडद्यावरचे रकाने भरतो, विक्रेत्याने पाठविलेले प्रोफॉर्मा बीजक जोडतो आणि अर्ज रवाना करतो. काम फार तर तासाभराचे. पण त्या तासाभरात त्याने जे शब्द लिहिले, त्यांवर त्याची कित्येक वर्षांची कमाई तरते किंवा बुडते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी या अर्जाची कुळकथा पाहिली पाहिजे.

आपल्याकडे ही कथा हुंडीपासून सुरू होते. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला अमक्यास अमुक रुपये द्यावेत म्हणून लिहिलेली चिठ्ठी. दाखविताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. ज्या हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या 'शहा'च्याच हाती पडावयाचे, ती शहाजोग. आज हा शब्द आपण वरवर साळसूद दिसणाऱ्या माणसासाठी वापरतो. सराफी पेढीवर मात्र त्याचा अर्थ विश्वासपात्र एवढाच होता. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून ती अंकात लिहीत, अक्षरात लिहीत, आणि वर तिची निमपट सांगून 'त्याचे दुप्पट पुरे' असेही लिहीत. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. पैसे चुकते होऊन रद्द झालेला कागद तो खोखा. एवढी काटेकोर व्यवस्था आपल्या सराफांनी कोणत्याही लेखी कायद्यावाचून उभी केली होती. पेशवाईत पुण्याहून उत्तरेत आणि उत्तरेतून पुण्याला पैसा हलत असे तो बहुतांशी या कागदांवर. पानिपतच्या संहाराची वार्ता १७६१ साली नानासाहेब पेशव्यांना प्रथम सावकारी पत्रावरून कळली, असे इतिहासकार सांगतात. सरकारी डाकेपेक्षा सराफांचे जासूद पुढे होते, असा त्याचा अर्थ.

या हुंड्यांत आपल्या विषयाला सर्वांत जवळची म्हणजे जोखमी हुंडी. माल पाठविणारा ही हुंडी माल घेणाऱ्यावर लिही आणि आपल्या गावच्या सराफाला विकून पैसे मोकळे करून घेई. परंतु अट अशी, की माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे मिळावयाचे. वाटेत गलबत बुडाले तर सराफाचे पैसे बुडाले. म्हणजे हुंडी आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदावर होत. येथे कागदाचा जीव मालात गुंतलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे पतपत्राने नेमका हाच धागा तोडला.

इंग्रज सरकारने १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांत लिहिलेल्या हुंड्यांच्या स्थानिक चालीरीतींना आपण धक्का लावीत नाही, असे त्याच्या आरंभीच्या कलमात नमूद करावे लागले. वडोदऱ्यात हरिभक्ती आणि गोपाळराव मैराळ यांच्यासारख्या पेढ्या गायकवाडी सरकारला पैसा पुरवीत. इंदूरच्या सराफ्यात माळव्याच्या अफूचे आणि कापसाचे सौदे पटत. हैदराबादेत बेगम बाजारचे सावकार निजामाच्या राज्याला कर्जे देत. पण या साऱ्या व्यवहाराचा पाया एकच होता: ओळख. लिहिणारी पेढी आणि वटविणारी पेढी एकमेकींना पिढ्यान् पिढ्या ओळखीत असत. हुंडी परत गेली तर दिवाळे वाजे, आणि ती नामुष्की हीच मोठी शिक्षा असे. ज्या देशात आपली पेढी नाही, आडत्या नाही, आपल्या नावाला कोणी विचारीत नाही, तेथे हुंडीचा हात पोहोचत नव्हता.

तो हात लंडनने पोहोचविला. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बेअरिंग, ब्राउन-शिप्ले अशा पेढ्यांनी एक नवाच धंदा वाढविला. अमेरिकेतील व्यापाऱ्याला चीनचा चहा किंवा दुसऱ्या कोणत्या देशाचा माल हवा असला, की तो या पेढीकडून पत्र घेई. विक्रेत्याने आपल्यावर हुंडी लिहावी, सोबत जहाजाची पावती जोडावी, आम्ही ती सकारू, असे त्या पत्रात लिहिलेले असे. विक्रेता अमेरिकन व्यापाऱ्याला ओळखीत नसे, पण बेअरिंगचे नाव त्याला ठाऊक असे. पेढी दलाली घेऊन जणू आपले नावच भाड्याने देई. या व्यवस्थेत जहाजाच्या पावतीला, म्हणजे बिल ऑफ लेडिंगला, विलक्षण महत्त्व आले. ती ज्याच्या हाती, माल त्याचा. ती बहुधा तीन मूळ प्रतींत निघे. एकीवर माल सुटला की बाकीच्या निरर्थक. आपल्या सराफांना ही कल्पना नवी वाटली नसती. त्यांच्या पेठेचे आणि परपेठेचे तत्त्व हेच होते.

हिंदी व्यापाऱ्यांच्या वाट्याला मात्र ही सोय सुखासुखी आली नाही. आपला परदेशी व्यापार बहुतांशी स्टर्लिंगमध्ये चाले आणि तो परक्या मालकीच्या 'एक्सचेंज बँकां'च्या हाती होता. इम्पीरियल बँकेसारख्या मोठ्या बँकेलाही परकीय हुंडणावळीच्या धंद्यात १९३४ च्या दुरुस्तीपूर्वी मोकळीक नव्हती. १९३१ साली मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीपुढे एक गाऱ्हाणे आले. पतपत्र हवे असल्यास चांगल्या नावाजलेल्या हिंदी पेढ्यांनाही मालाच्या किमतीच्या १० ते १५ टक्के अनामत ठेवावी लागते, आणि युरोपियन पेढ्यांना मात्र ती माफ असते, असे ते गाऱ्हाणे होते. पत ही वस्तू कागदावर तटस्थ दिसते; ती कोणाला किती द्यावयाची हे मात्र देणारा ठरवितो. वडोदऱ्यात २० जुलै १९०८ रोजी सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली. इंदुरात १९२० साली आणि हैदराबादेत १९४१ साली संस्थानी बँका उभ्या राहिल्या, ज्या पुढे यथाकाळ स्टेट बँकेत विलीन झाल्या. या संस्थांकडे केवळ संस्थानी हौस म्हणून पाहू नये. आपल्या माणसाची पत आपल्या माणसाने जोखावी, ही निकड त्यांच्या मागे होती.

पतपत्राला आजचे कडक रूप आले ते पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीमुळे. १९२० साली जगभर भाव कोसळले. साखरेचेच उदाहरण घ्या: मे महिन्यात पौंडाला वीस सेंटांहून अधिक असलेला भाव डिसेंबरपर्यंत चार सेंटांच्या आसपास आला. ज्यांनी चढ्या भावाने सौदे केले होते त्यांचे डोळे पांढरे झाले आणि ते सुटकेची वाट शोधू लागले. बीजकात एखादा शब्द कमी आहे, पावतीवर तारीख नीट नाही, असली कारणे काढून ते कागद परतवू लागले. खटल्यांचा पाऊस पडला. बँका तर कात्रीत सापडल्या: पैसे द्यावे तर ग्राहक भांडतो, न द्यावे तर विक्रेता. तेव्हा सर्व देशांच्या बँकांना एकच नियमावली हवी, हे सर्वांना पटले. १९१९ साली स्थापन झालेल्या आणि पॅरिसला ठाणे असलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने हे काम अंगावर घेतले आणि १९३३ साली व्हिएन्नाच्या परिषदेत पतपत्रांचे एकरूप नियम संमत केले. १९५१, १९६२, १९७४, १९८३ आणि १९९३ या साली त्यांत दुरुस्त्या झाल्या. १ जुलै २००७ पासून चालू झालेल्या आवृत्तीत ३९ कलमे असून 'यूसीपी ६००' या नावाने ती ओळखली जाते. या नियमावलीच्या मागे कोणत्याही राजाचे सैन्य नाही. तरीही ती जगातील बहुतेक बँका पाळतात.

या नियमांचे सार एका वाक्यात सांगता येते: बँकेचा संबंध कागदांशी आहे, मालाशी नाही. विक्रेत्याने पतपत्रात मागितलेले कागद तंतोतंत दिले, की बँकेने पैसे दिलेच पाहिजेत. पेटीत काय आहे हे बँक पाहत नाही. तिने ते पाहावे अशी अपेक्षाही नाही. जोखमी हुंडीचा जो धागा मालाशी बांधलेला होता, तो येथे जाणूनबुजून कापला आहे. कारण बँक जर मालाची परीक्षा करू लागली, तर कोणत्याही विक्रेत्याला तिच्या शब्दाचा भरवसा वाटणार नाही.

या नियमाची धार किती तीक्ष्ण असते, हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेलेल्या एका खटल्यावरून दिसते. लंडनच्या एका पेढीने जावातील बटाव्हियाहून व्हॅनिलाच्या शेंगा मागविल्या. मालाच्या प्रतीचा दाखला 'तज्ज्ञांनी' द्यावा, अशी तिची अट होती. ही अट तारेने गेली. परंतु तारेच्या सांकेतिक भाषेत एकवचनाला आणि अनेकवचनाला एकच खूण होती. पलीकडे 'तज्ज्ञाने' असा अर्थ लावला गेला. एकाच तज्ज्ञाचा दाखला आला, बँकेने पैसे दिले, आणि पेट्या उघडल्या तेव्हा त्यांत मुख्यत्वे काटक्या, दगड आणि जुने लोखंड निघाले. न्यायाधीशांनी निकाल दिला, की जवळजवळ तसाच कागद म्हणजे तोच कागद नव्हे; बँकेला ग्राहकाकडून पैसे मागता येणार नाहीत. ग्राहक वाचला तो त्याने अर्जात एक अनेकवचन लिहिले होते म्हणून. त्याने स्वतःच 'तज्ज्ञाने' असे लिहिले असते, तर त्या काटक्यांचे पैसे त्यालाच भरावे लागले असते.

मग उघड लबाडीपुढेही ग्राहकाने हात जोडून बसावे काय? याचे उत्तर ज्या खटल्यातून आले त्याचा संबंध आपल्या देशाशी आहे. एका अमेरिकन व्यापाऱ्याने लखनौच्या एका पेढीकडून ब्रशांसाठी लागणारे डुकराचे राठ केस मागविले. विक्रेत्याने पन्नास पेट्यांत गाईचे केस आणि केरकचरा भरून पाठविला, असा त्याचा आरोप होता. बँकेने पैसे देण्यापूर्वीच त्याने न्यूयॉर्कच्या न्यायालयात धाव घेतली. आरोप खरे धरून चालल्यास, १९४१ साली न्यायालयाने सांगितले, ज्या विक्रेत्याने मुळात माल म्हणून काही पाठविलेच नाही, त्याच्या लबाडीला पतपत्राचे संरक्षण मिळणार नाही. जगभर आज मान्य असलेला लबाडीचा अपवाद हा असा आला. परंतु त्याची सीमा अरुंद आहे. माल हलका निघाला, यंत्र नीट चालत नाही, एवढ्याने बँकेचा हात धरता येत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हीच सीमा साठोत्तर दशकाच्या अखेरीस आखून दिली. बंगालमधील फराक्का बंधाऱ्याच्या कालव्याच्या खोदकामासाठी मद्रासच्या एका कंत्राटदार पेढीने सोव्हिएट रशियातून यंत्रे मागविली होती. यंत्रांचे काम अपेक्षेप्रमाणे होत नाही, अशी तिची तक्रार होती. त्यातच ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर ७ रुपये ५० पैशांना गेला आणि देण्याच्या रकमेचाही वाद उभा राहिला. पण न्यायालयाने पतपत्राचे पैसे थांबविण्यास नकार दिला. विक्रीचा करार वेगळा आणि बँकेचे वचन वेगळे. करारातील भांडणासाठी बँकेचे वचन मोडता येणार नाही, असा त्या निकालाचा भाव होता.

त्या काळी पतपत्राचा अर्ज करणे म्हणजे लहानसे दिव्यच असे. १९४० साली युद्धकाळात सुरू झालेले आयात-नियंत्रण १९४७ च्या कायद्याने पुढे चालू राहिले. आधी आयात परवाना मिळवावयाचा. त्याची एक प्रत जकातखात्यासाठी, दुसरी परकीय चलनाच्या नियंत्रणासाठी. ही दुसरी प्रत बँकेत दाखवून तिच्या पाठीवर नोंद करून घेतल्यावाचून पतपत्र निघत नसे. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल आणि १८६८ पासून पणजीत असलेली बांकू नासिओनाल उल्ट्रामारिनू ही बँक होती. मुक्तीनंतर तेथील आयातदारही भारतीय नियमांच्या कक्षेत आले. १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटात तर आयातीचे पतपत्र हवे असल्यास मालाच्या किमतीहूनही अधिक रोख अनामत बँकेत ठेवावी, असा हुकूम काही काळ निघाला होता. पुढे १९९२ साली परकीय व्यापाराचा नवा कायदा आला, १ जून २००० पासून परकीय चलनाचाही नवा कायदा लागू झाला, आणि बहुतेक मालाला परवान्याची गरज उरली नाही. आता आयात-निर्यात संकेतांक आणि बँकेने मंजूर केलेली पतमर्यादा एवढ्यावर अर्ज करता येतो. आयात खरोखर झाली की नाही याचा ताळा ऑक्टोबर २०१६ पासून रिझर्व्ह बँकेच्या संगणकीय व्यवस्थेत जकातीच्या नोंदींशी आपोआप लावला जातो.

निरोप जाण्याची वाटही बदलली. तारेची जागा टेलेक्सने घेतली आणि टेलेक्सची 'स्विफ्ट'ने. ही संस्था १९७३ साली पंधरा देशांतील २३९ बँकांनी मिळून स्थापन केली. भारत तिच्यात १९९१ च्या डिसेंबरात सामील झाला. पतपत्राचा संदेश तिच्यावरून ठराविक साच्यात जातो, आणि ऑनलाइन अर्जाचे रकाने हे बहुतांशी त्या साच्याचेच प्रतिबिंब असते. अर्ज एकाने भरावा, दुसऱ्याने तपासावा, अधिकाऱ्याने मंजूर करावा, अशी पायऱ्यांची योजना असते. या पायऱ्या गाळल्या तर काय होते, हे २०१८ साली देशाने पाहिले. मुंबईतील एका सरकारी बँकेच्या शाखेतून परदेशी बँकांना हमीचे संदेश जात राहिले आणि बँकेच्या हिशेबात त्यांची नोंदच नव्हती. प्रकरण हजारो कोटींचे निघाले. १३ मार्च २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने आयातीसाठीची तसली हमीपत्रे बंद केली. पतपत्रे मात्र चालू ठेवली. कारण पतपत्रामागे कागद असतात, तारखा असतात आणि ठरलेले नियम असतात.

आता त्या बेळगावच्या कारखानदाराकडे पाहू. त्याने रकान्यात 'यंत्र नवे व उत्तम स्थितीत असावे' असे लिहिले आणि ते सिद्ध करणारा कोणताही कागद मागितला नाही, तर यूसीपीच्या १४ व्या कलमाप्रमाणे बँक ती अट लिहिलीच नाही असे समजते. जुने, गंजलेले यंत्र आले तरी पैसे जातात. तेच त्याने 'अमुक तपासणी संस्थेचा, माल चढविण्यापूर्वीचा, यंत्र नवे असल्याचा दाखला' असा कागद मागितला, तर विक्रेत्याला तो दिल्यावाचून सुटका नाही. 'सुमारे' हा शब्द रकमेला वा संख्येला जोडला, तर दहा टक्क्यांची सवलत आपोआप मिळते. तो सहज लिहिण्याचा शब्द नव्हे. माल चढविल्यापासून किती दिवसांत कागद सादर करावयाचे हे लिहिले नाही, तर एकवीस दिवस धरले जातात. एवढ्या अवधीत जहाज बंदराला लागून माल तेथे भाडे खात पडू शकतो. विक्रेत्याचे कागद आल्यावर बँकेला तपासणीसाठी बँकेच्या कामकाजाचे फार तर पाच दिवस मिळतात. आणि एकदा पतपत्र निघाले, की विक्रेत्याच्या संमतीवाचून त्यातील अक्षर बदलता येत नाही वा ते परत घेता येत नाही. दुसऱ्या टोकाचा मोहही टाळला पाहिजे. सारा करारच रकान्यात कोंबला, तर कागद जुळत नाहीत, प्रामाणिक विक्रेत्याचे पैसे अडतात आणि दोन्ही बाजूंना भुर्दंड बसतो.

संगणकाने अंतर मिटविले, वेळ वाचविला, हेलपाटे चुकविले; परंतु शब्दाची जबाबदारी त्याने कोणाच्याही खांद्यावरून उतरविलेली नाही. उलट पूर्वी अर्ज घेऊन बँकेत गेले, की काउंटरमागचा अनुभवी माणूस चष्मा वर करून एखादा प्रश्न तरी विचारी. आता तो प्रश्न अर्जदाराने स्वतःलाच विचारावयाचा आहे. रक्कम अंकात, अक्षरात आणि पुन्हा निमपटीच्या दुपटीत लिहिणारे आपले जुने सराफ काही भित्रे नव्हते. कागद एकदा हातातून गेला की तो आपल्या बाजूने बोलावयाला उभा राहत नाही, त्यावर जे लिहिले असेल तेवढेच बोलतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पतपत्राचा अर्ज पाठविण्याची कळ दाबण्यापूर्वी तो एकदा त्यांच्या नजरेने वाचावा. त्याला फार तर आणखी एक तास लागेल.